जूनमधल्या खिंडी आणि मागे राहिलेला बर्फ

वाचकांचे प्रश्न : आल्प्समधली पदभ्रमंती

या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच वाटेविषयी आहेत. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून माँ ब्लाँ पर्वतसमूहाला पूर्ण वळसा घालणारी ही वाट सुमारे १७० किलोमीटर लांबीची असून तिच्यावर एकूण चढाई दहा हजार मीटरच्या आसपास भरते. ‘तूर द्यू माँ ब्लाँ’ हे तिचे नाव, आणि चालणारे तिला नुसते ‘टीएमबी’ म्हणतात. या वेळी बर्फाविषयीचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. पत्रे संक्षिप्त रूपात दिली आहेत.

प्रश्न : आम्ही पुण्याचे, पती-पत्नी आणि चौदा वर्षांची मुलगी. मुलीची शाळा जूनच्या मध्याला सुरू होते, म्हणून २ ते १२ जून या काळात पूर्ण टीएमबी करण्याचा विचार आहे. तिघांनाही सह्याद्रीतल्या गडकिल्ल्यांची चांगली सवय आहे. काही प्रवासवर्णनांत जूनमध्ये वाट मोकळी होती असे लिहिले आहे, तर काहींत खिंडीजवळ मांडीपर्यंत बर्फ होता असे. नेमके काय धरून चालावे?

उत्तर : तारखा पाहता उत्तर स्पष्टपणे द्यायला हवे. या काळात मुलीला घेऊन पूर्ण फेरी करू नये. तुम्ही वाचलेली दोन्ही वर्णने खरी असू शकतात, कारण हिवाळ्यात किती बर्फ पडला, मे महिना थंड गेला की उन्हाचा, यावर एकाच तारखेचे चित्र वर्षागणिक पुष्कळ बदलते. शिवाय लिहिणारा कोणत्या वाटेने आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी गेला, यावरही ते अवलंबून असते. म्हणून ‘बर्फ असेल का’ एवढेच विचारून भागत नाही. बर्फ कोणत्या उतारावर आहे, आपण तिथे किती वाजता पोहोचणार आणि पाय सुटला तर खाली काय आहे, या तीन गोष्टी कळल्या की निर्णय घेता येतो. त्या कळल्या नाहीत तर दुसऱ्याच्या अनुभवाचा काही उपयोग होत नाही.

आपल्याकडे जून म्हणजे उन्हाळ्याचा शेवट. आल्प्समध्ये दोन हजार मीटरच्या वर जूनचा पहिला पंधरवडा हा वसंत ऋतूच असतो. १,०३५ मीटरवरच्या शामोनी या फ्रेंच गावात कुरणे फुललेली असतात, लोक अर्ध्या बाह्यांचे कपडे घालून बाहेर बसलेले असतात, आणि तिथून काही तासांच्या चढाईवर हिवाळा अजून मागे रेंगाळत असतो. टीएमबीच्या मुख्य वाटेवरच्या उंच खिंडी साधारण २,३०० ते २,५५० मीटर या पट्ट्यात आहेत : कोल द्यू बोनोम २,३२९ मीटर, कोल द ला क्र्वा द्यू बोनोम २,४७९, फ्रान्स-इटली सीमेवरची कोल द ला सेन्य २,५१६, इटली-स्वित्झर्लंड सीमेवरची ग्राँ कोल फेरे २,५३७. शामोनीच्या डोक्यावरचे ब्रेव्हाँ शिखरही २,५२५ मीटरचे आहे. जूनच्या पूर्वार्धात बर्फाची रेषा बहुतेक वर्षी याच उंचीच्या आसपास किंवा तिच्याही खाली असते.

यांतली सर्वांत जपून घेण्याची जागा म्हणजे बोनोमचा टप्पा. फ्रान्समधल्या ले काँतामिन गावाहून वर येणारी वाट उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारावरून चढते, आणि उत्तर गोलार्धात उत्तरेकडच्या उतारावर ऊन तिरपे व कमी वेळ पडत असल्यामुळे तिथला बर्फ सर्वांत उशिरा जातो. पहिली खिंड गाठली म्हणजे संपले, असे होत नाही. तिथून दुसऱ्या खिंडीपर्यंत सुमारे दीडशे मीटरची उंची घेत वाट डोंगराच्या अंगावरून आडवी जाते आणि वाटेत अनेक लहान नाळी लागतात. प्रत्येक नाळेत बर्फाची एक जीभ उरलेली असते. वाट त्या बर्फाखाली जाते आणि वीस-तीस पावलांवर पलीकडे पुन्हा बाहेर येते. मधल्या भागात वाट नसतेच, असतो तो नुसता उतार. पुढे ले शापियकडे उतरणारा भाग दक्षिणाभिमुख असल्यामुळे लवकर मोकळा होतो. कोल द ला सेन्यवर बर्फ पुष्कळ असला तरी उतार सौम्य आहे; इटलीच्या बाजूला ईशान्येकडे उतरताना बर्फ बराच वेळ सोबत करतो, पण तिथे घसरले तरी माणूस बहुधा लवकर थांबतो. धुक्यात वाट चुकण्याचा धोका मात्र तिथे अधिक. ग्राँ कोल फेरेची इटलीकडची चढण उभी आहे, स्विस बाजू मोकळ्या कुरणांची आहे.

मुख्य वाटेला पर्याय म्हणून सांगितल्या जाणाऱ्या दोन उंच वाटा, कोल दे फूर आणि फनेत्र दार्पेत, दोन्ही २,६६५ मीटरच्या. या दोन्ही वाटांचा विचार जूनमध्ये मनातून काढून टाकावा. फनेत्र दार्पेतच्या त्रियाँ गावाकडच्या उभ्या उतारावर आणि शाँपे गावाकडच्या मोठमोठ्या दगडांच्या राशीत बर्फ कितीतरी उशिरापर्यंत राहतो. दगडांच्या मधल्या पोकळीवर बर्फाचे पातळ झाकण असले की पाय आत जाऊन नडगी मोडण्याची भीती असते.

आता सह्याद्रीच्या सवयीविषयी. ती सवय उपयोगी पडते, पण सगळीच नाही. पावसाळी धुक्यात धार न सोडता चालणे, ओढ्याचा अंदाज घेणे, दमल्यावरही पाय नीट टाकणे, हे सारे तिथे कामाला येते. घसाऱ्यावरची सवय मात्र घात करू शकते. घसाऱ्यावर पाय सुटला तर आपण चार-सहा फूट सरकतो, हात टेकतो आणि थांबतो. शरीराला तेच माहीत असते. पहाटेच्या टणक बर्फावर तीस-पस्तीस अंशांच्या उतारावर पाय सुटला तर वेग पहिल्या दोन सेकंदांतच इतका वाढतो की हात टेकून थांबणे शक्य राहत नाही. खाली सपाट कुरण असेल तर फार तर अंग खरचटेल. खाली दगड किंवा कडा असेल तर तो अपघात जीवघेणा ठरतो.

एक व्यवहाराची अडचणही आहे. वाटेवरची बहुतेक रेफ्यूज, म्हणजे डोंगरातली निवासस्थाने, जूनच्या मध्यावर उघडतात. त्याआधी गेल्यास वर जेवण नाही, खाट नाही, आणि पुढच्या खिंडीची ताजी माहिती देणारे माणूसही नाही. ही शेवटची उणीव मला सर्वांत मोठी वाटते.

सुट्टी बदलता येत नसेल तर फेरीचा हट्ट सोडून खालच्या टप्प्यांचा बेत करावा. लेझ-ऊशहून १,६५३ मीटरच्या कोल द व्होझावरून ले काँतामिन, शाँपेहून बोवीनच्या कुरणांवरून त्रियाँ, शामोनीच्या वर दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारावरची ग्राँ बाल्कों स्यूदची वाट, असे दिवस जूनच्या पहिल्या पंधरवड्यातही बऱ्याचदा जमतात. ग्राँ बाल्कोंवरून समोर माँ ब्लाँची सगळी उत्तर बाजू उभी दिसते. बर्फाच्या खिंडी न ओलांडता मिळणारे हे दर्शन मुलीला कमी वाटणार नाही.

प्रश्न : नाशिकहून लिहीत आहे. आम्ही चौघे मित्र २० जूनला सुरुवात करणार आहोत. बुटांवर चढवायचे मायक्रोस्पाइक्स पुरतील, की क्रॅम्पॉन आणि आइस ॲक्स लागतील? सामान हलके ठेवायचे आहे.

उत्तर : मायक्रोस्पाइक्स म्हणजे रबराच्या पट्ट्यात अडकवलेल्या साखळ्या आणि त्यांचे सुमारे सेंटिमीटरभर दाते. सपाट किंवा मंद उताराच्या टणक बर्फावर ते फार चांगले काम देतात आणि सामान्य वर्षी २० जूननंतर टीएमबीच्या मुख्य वाटेवर बहुतेकांना तेवढेच लागतात. त्यांची मर्यादा आडव्या चालीत दिसते. उभ्या उतारावर आडवे जाताना सगळा भार बुटाच्या एका कडेवर येतो, रबर ताणले जाते आणि दात्यांचा सांगाडा तळव्याखालून बाजूला सरकतो. नेमके जिथे ते टिकायला हवेत तिथेच ते फिरतात. त्यामुळे मायक्रोस्पाइक्स आहेत म्हणून एखादा उतार घ्यावा, असा विचार करू नये. ते नसते तरी जो उतार आपण जपून घेतला असता, तो त्यांच्यामुळे सोपा होतो, इतकेच.

क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली बांधायचे दहा-बारा दात्यांचे धातूचे सांगाडे; ते उभ्या, टणक बर्फासाठी असतात, पण ते बसण्यासाठी बुटाचा तळ पुरेसा ताठ हवा. मऊ तळाच्या धावण्याच्या बुटांवर ते सैल होतात. ते घालून चालणेही शिकावे लागते. न शिकलेला माणूस एका पायाचे दाते दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये किंवा गेटरमध्ये अडकवून तोंडावर पडतो. आइस ॲक्सचे, म्हणजे बर्फावर वापरायच्या टोकदार चोचीच्या कुऱ्हाडीचे, तेच. पडल्यावर क्षणात पोटावर वळून, चोच बर्फात रुतवून, छातीचा भार त्यावर टाकून थांबणे ही कृती हाताच्या आणि कमरेच्या सवयीची आहे. वाचून ती येत नाही. ज्यांनी उत्तरकाशीची नेहरू गिर्यारोहण संस्था, दार्जिलिंगची हिमालयन माउंटेनीअरिंग इन्स्टिट्यूट किंवा मनालीची संस्था यांपैकी कुठे बेसिक कोर्स केला आहे, त्यांना हे शिकवलेले असते. तुमच्या चौघांत तसे कोणी नसेल, तर शामोनीत गाइडबरोबर एक दिवस बर्फावर सराव करणे हा खर्च मी कोणत्याही महागड्या जॅकेटच्या आधी धरीन. सराव खाली सपाट जागा असलेल्या उतारावर, निसरड्या कपड्यांत, मुद्दाम घसरून करायचा असतो.

चालण्याच्या काठ्या जरूर घ्याव्यात, प्रत्येकी दोन. खाली मोठे गोल चकते लावलेले असले म्हणजे त्या मऊ बर्फात खोल जात नाहीत. आडवे जाताना डोंगराकडची काठी आखूड करावी आणि मनगटाचे पट्टे सोडावेत, म्हणजे पडल्यावर हात मोकळे राहतील. काठीने घसरण थांबत नाही, ती तोल जाऊ नये यासाठी असते.

सामान हलके ठेवण्याचा तुमचा विचार योग्यच आहे. त्यासाठी एक सोपा मार्ग असा, की क्रॅम्पॉन आणि ॲक्स भारतातून नेऊच नयेत. शामोनीत ती भाड्याने मिळतात, आणि तिथे पोहोचून वाटेची स्थिती कळल्यावरच ती घ्यायची की नाही हे ठरवता येते. नेलीच तर चेक-इन सामानात टाकावी लागतात, हे लक्षात ठेवावे.

प्रश्न : मी नोकरीनिमित्त श्टुटगार्टला असते. गेल्या जूनच्या अखेरीस सेन्यच्या खिंडीतून उतरताना दुपारी दोनच्या सुमारास दर चार पावलांनी पाय मांडीपर्यंत आत जात होता. सकाळी त्याच वाटेने गेलेल्या एका गटाला मात्र अजिबात त्रास झाला नव्हता. असे का होते?

उत्तर : वसंतातला बर्फ रोज थोडा वितळतो आणि रोज रात्री थोडा गोठतो. या रोजच्या फेऱ्यामुळे त्याचे कण मोठे आणि गोल होतात, आणि दुपारी तो जाड साखरेसारखा दाणेदार, सैल होतो. रात्री पृष्ठभागावरचे पाणी गोठून वर एक कडक थर तयार होतो. तो थर माणसाचे वजन पेलतो. उन्हाने तो विरघळला की खालचा ओला, सैल बर्फ काहीच पेलत नाही आणि पाय आत जातो. सकाळचा गट त्या थरावरून गेला, तुम्ही तो नाहीसा झाल्यावर गेलात.

इथे एक गोष्ट कळून घेण्यासारखी आहे. हा थर तयार होण्यासाठी रात्री हवेचे तापमान शून्याखाली जायलाच हवे असे नाही. आकाश निरभ्र असेल तर बर्फ आपली उष्णता थेट आकाशाकडे टाकतो आणि हवा शून्याच्या काही अंश वर असतानाही त्याचा पृष्ठभाग गोठतो. उलट ढगाळ रात्री ही उष्णता अडून राहते आणि पहाटे पाच वाजतादेखील बर्फ आदल्या दुपारइतकाच सैल सापडतो. म्हणून झोपण्यापूर्वी एकदा बाहेर येऊन आकाश पाहावे. चांदण्या स्वच्छ दिसत असतील तर लवकर निघण्यात अर्थ आहे. रात्रभर ढग किंवा पाऊस असेल तर लवकर निघूनही बर्फ टणक मिळणार नाही, आणि उभ्या उतारांवर ओल्या बर्फाच्या घसरणीची शक्यताही वाढलेली असते.

जूनच्या मध्यात तिथे सकाळी पावणेसहाच्या सुमारास सूर्योदय होतो, त्यामुळे पहाटे निघणे कठीण नसते. अडचण येते ती न्याहारीची, कारण रेफ्यूजमधली न्याहारी बहुधा साडेसहा-सातच्या आधी सुरू होत नाही. आदल्या संध्याकाळी जेवणाच्या वेळी सांगितले तर बरेचजण थर्मासमध्ये चहा-कॉफी आणि पाव-चीज बांधून ठेवतात. खिंड दहा-साडेदहापर्यंत मागे पडेल असा हिशेब मांडावा, आणि बर्फावर वेग निम्म्यावर येतो असे धरून तो मांडावा. पूर्वेकडच्या उतारावर ऊन पहाटेपासून येते, म्हणून तो आधी मऊ होतो. पश्चिमेकडचा उतार सकाळी उशिरापर्यंत टणक राहतो. एकाच खिंडीच्या दोन बाजूंना दोन वेगळे बर्फ मिळतात, ते यामुळे.

याची दुसरी बाजूही आहे, जी लवकर निघा म्हणून सांगणारे क्वचित सांगतात. उभ्या आडव्या वाटेवर अगदी पहाटेचा बर्फ सर्वांत धोकादायक असतो, कारण त्यावर बुटाची कड रुतत नाही. आदल्या दुपारी गेलेल्यांच्या पावलांचे ठसे गोठून काचेसारखे गुळगुळीत झालेले असतात आणि त्यांत टाकलेला पाय बाहेरच्या बाजूला सरकतो. दात्यांची साधने नसतील तर अशा जागी अर्धा-पाऊण तास उन्हाची वाट पाहणे शहाणपणाचे ठरते. वरचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर मऊ झाला आणि खालचा अजून घट्ट असला, की ती वेळ सर्वांत चांगली. बुटाची कड दोनदा आपटून पायरी तयार होते आणि ती पायरी वजन धरते.

प्रश्न : ओढ्यांवर बर्फाचे पूल असतात असे ऐकले आहे. त्यांवरून जाणे सुरक्षित असते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मला सर्वांत जास्त काळजी याच जागेची वाटते, कारण ती वरून निरुपद्रवी दिसते. ओढ्याचे पाणी बर्फाला खालून खाते. वर पांढरा, सलग पट्टा दिसत असतो आणि खाली माणूस उभा राहील एवढी पोकळी झालेली असते. माणूस आत पडला तर त्याला वाहते पाणी बर्फाखाली ओढून नेते.

काठावर थांबून आधी ऐकावे. पाण्याचा आवाज दबलेला, पायाखालून येतो असे वाटत असेल तर बर्फ पोकळ आहे. मग वर-खाली दोन्ही बाजूंना नजर टाकावी. जिथे ओढा बर्फातून बाहेर पडतो त्या तोंडाशी बर्फाची जाडी प्रत्यक्ष दिसते. ती हातभराहून कमी असेल तर पुढे विचारच करू नये. पृष्ठभाग मधोमध खोलगट झालेला असेल, किंवा आजूबाजूच्या बर्फाहून तिथला रंग करडा, पाणचट दिसत असेल, तर खालून पुष्कळ झीज झालेली आहे. काठीने प्रत्येक पावलाआधी जोर देऊन टोचावे. ती अचानक सहज आत गेली तर मागे यावे. पर्याय म्हणून ओढ्याच्या वरच्या अंगाला, जिथे तो अरुंद किंवा फाटे फुटलेला असेल तिथे, उघड्या पाण्यातून जाणे बऱ्याचदा अधिक सुरक्षित असते. तेही सकाळी, कारण बर्फ वितळल्याने ओढ्याचे पाणी दुपारनंतर वाढत जाते आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असते.

हाच नियम मोठ्या दगडांच्या कडेला लागू पडतो. दगड उन्हाने तापतो आणि भोवतालचा बर्फ आतून वितळवतो, त्यामुळे दगडाला लागून पाऊल टाकले की पाय खाली जातो. दगडापासून मीटर-दीड मीटर दूर राहून चालावे, आणि बर्फावरून खडकावर उतरताना शेवटचे पाऊल लांब टाकावे.

प्रश्न : इथून निघण्यापूर्वी वाटेवर किती बर्फ आहे, हे कसे कळेल?

उत्तर : दोन साधने मला उपयोगी वाटतात. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहांची छायाचित्रे कोपर्निकस या युरोपीय भूनिरीक्षण उपक्रमाच्या संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात. त्यांत दहा मीटरपर्यंतचा तपशील दिसतो आणि एकाच जागेचे छायाचित्र दर काही दिवसांनी मिळते. ढग नसलेला दिवस निवडून बोनोमचा टप्पा त्यात शोधावा, आणि दर आठवड्याचे चित्र शेजारी ठेवून बर्फ किती वेगाने मागे हटतो आहे ते पाहावे. मागच्या दोन-तीन वर्षांची त्याच तारखेची चित्रेही काढून पाहिली, तर यंदाचे वर्ष लवकरचे की उशिराचे, हे पुण्या-मुंबईत बसून कळते. उपग्रहाला नाळेतली अरुंद जीभ आणि बर्फाचा टणकपणा मात्र दिसत नाही.

त्यासाठी दुसरे साधन म्हणजे तिथली माणसे. शामोनीत ‘ला शामोन्यार्द’ ही संस्था डोंगरातल्या वाटांची ताजी स्थिती गोळा करून प्रसिद्ध करते, आणि तिच्या कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारता येते. विचारताना ‘वाट सुरू आहे का’ असे विचारू नये. आमच्याकडे अमुक बूट आणि अमुक साधने आहेत, बर्फाचा अनुभव एवढा आहे, उद्या सकाळी इतक्या वाजता निघणार आहोत, असे सांगून सल्ला मागावा. वाटेवर रोज संध्याकाळी रेफ्यूजच्या रखवालदाराला हाच प्रश्न पुढच्या खिंडीसाठी विचारावा. समोरून आलेल्यांशी बोलावे, ते किती वाजता खिंडीत होते तेही विचारावे. हवामानाच्या अंदाजात शून्य अंशाची उंची, म्हणजे ज्या उंचीवर हवेचे तापमान शून्य होते ती, दिलेली असते. ती अनेक दिवस साडेतीन हजार मीटरच्या वर राहिली, तर बर्फ झपाट्याने सैल होणार हे समजावे.

प्रश्न : डोळ्यांच्या आणि त्वचेच्या संरक्षणाविषयी सांगाल का? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, आणि दर हजार मीटरला या किरणांची तीव्रता सुमारे दहा टक्क्यांनी वाढते. जुना, मळलेला बर्फ कमी परावर्तन करतो, तरी तीन-चार तासांच्या चालीला तेही पुरेसे होते. गडदपणाच्या तिसऱ्या किंवा चौथ्या श्रेणीच्या काचांचा, बाजू झाकणारा गॉगल प्रत्येकाकडे हवा, आणि गटात एक जास्तीचा. चटका त्या वेळी जाणवत नाही. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखे होते, पाणी येते, उजेड सहन होत नाही आणि दुसरा दिवस वाया जातो. सनस्क्रीन हनुवटीखाली, नाकपुड्यांखाली आणि कानांमागेही लावावे, कारण ऊन खालून येते.

प्रश्न : व्हिसासाठी काढलेला प्रवासविमा अपघातात पुरतो का? मदत कशी मागवायची? (एक वाचक, पणजी)

उत्तर : शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण असलेला विमा लागतो. तेवढ्यावर निश्चिंत राहू नये. अनेक पॉलिसींमध्ये गिर्यारोहण, ठरावीक उंचीवरची भटकंती किंवा दोर-क्रॅम्पॉनसारखी साधने वापरून केलेली चाल वगळलेली असते. शोध आणि हेलिकॉप्टरने सुटका यांचा खर्च तिच्यात स्पष्ट शब्दांत आहे का, ते कलम स्वतः वाचावे आणि शंका असल्यास लेखी उत्तर मागावे. फ्रान्समध्ये डोंगरातली सरकारी सुटका सहसा विनामूल्य असते. स्वित्झर्लंडमध्ये तिचे बिल येते. सीमा तुमच्या वाटेत दोन-तीनदा ओलांडली जाते, त्यामुळे पाय कोणत्या देशात मुरगळला यावर खर्च ठरतो.

११२ हा क्रमांक तिन्ही देशांत चालतो. ला फुली, शाँपे आणि त्रियाँ ही गावे स्वित्झर्लंडच्या ज्या व्हाले प्रांतात आहेत तिथे १४४ वर थेट बचावयंत्रणा मिळते. दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते, म्हणून काहीजण उपग्रहावरून संदेश पाठवणारे उपकरण घेतात. ते घ्यायचे असेल तर तिथेच भाड्याने घेऊन तिथेच परत करावे. भारतात अशी उपकरणे परवान्याविना बाळगणे बेकायदा आहे आणि विमानतळावर त्यापायी गंभीर अडचणी येऊ शकतात.

प्रश्न : आमची सगळी रेफ्यूज आगाऊ आरक्षित आहेत, पैसेही भरले आहेत. बोनोमच्या खिंडीत परत फिरावे लागले तर संपूर्ण वेळापत्रक कोसळेल. अशा वेळी काय करावे? (एक वाचक, मुलुंड)

उत्तर : ही भीतीच अनेकांना नको त्या उतारावर पुढे नेते, म्हणून परतीची वाट घरीच आखून ठेवावी. बोनोमसाठी ती अशी. ले काँतामिनहून निघताना १,७०६ मीटरवरचे ला बाल्म हे रेफ्यूज ही निर्णयाची जागा धरावी. तिथल्या माणसाने नको म्हटले, धुके दाट असले, किंवा वर दिसणारा पहिला उभा बर्फाचा पट्टा तुमच्यातल्या सर्वांत कच्च्या माणसाला घेता येणार नाही असे वाटले, तर तिथूनच मागे फिरावे. चौघांपैकी तिघांना जमते, हे पुढे जाण्याचे कारण होऊ शकत नाही.

मागे फिरल्यावर ले काँतामिनहून बसने आणि पुढे रेल्वेने शामोनीला यावे, आणि तिथून माँ ब्लाँच्या बोगद्यातून जाणाऱ्या बसने इटलीतल्या कुर्मायरला उतरावे. बोनोम आणि सेन्य या दोन्ही खिंडी त्यामुळे टळतात, फेरीचे दोन-तीन दिवस गळतात, पण कुर्मायरपासून पुढचे आरक्षण जसेच्या तसे राहते. वाचलेले दिवस कुर्मायरला खालच्या वाटांवर घालवता येतात. पुढे ग्राँ कोल फेरेही बंद निघाली, तर कुर्मायरहून पुन्हा बोगद्यातून शामोनीला येऊन माँ ब्लाँ एक्स्प्रेस या रेल्वेने व्हालोर्सीनमार्गे मार्तिनीपर्यंत जावे, आणि तिथून शाँपेकडे वळावे.

गळलेल्या रात्रींविषयी संबंधित रेफ्यूजला लगेच फोन करावा. पैसे परत मिळोत वा न मिळोत, तुम्ही येणार नाही हे त्यांना कळायला हवे, नाहीतर संध्याकाळी तुमचा पत्ता नसल्याने ते शोधपथकाला कळवण्याच्या विचारात पडतात. बोगद्यातल्या बसची जागा आदल्या दिवशीच राखून ठेवावी, कारण वर बर्फ असला की तुमच्यासारखे आणखी बरेचजण त्याच बसने जाणार असतात.